मुकादमाचा वाटा

४ जानेवारी

वहिनी,

डबा उघडलात की आधी हे पत्र बाजूला काढा. मागच्या खेपेला बर्फाचं पाणी लागून शाई पसरली आणि तुम्हाला आयतं निमित्त मिळालं, की वन्संनी काय लिहिलंय ते वाचताच आलं नाही. फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी मनाने भरते, त्यातून आपल्या दोघींचं एकदा वाजलंही आहे. त्यापेक्षा हे बरं. नाहीतरी मिनीबसवाला मुकादमाचं खाणं घेऊन दर आठवड्याला तुमच्याकडे येतोच, त्या डब्यात एका कागदाला जागा किती लागते.

या वेळी ठिपकेवाली पाठवली आहे. अंडं द्यायचं तिने कधीच सोडलं होतं. नुसतं खायचं आणि बाकीच्यांच्या डोक्यात चोची मारायच्या, एवढंच काम उरलं होतं. तरी कापताना हात जड झाला, खोटं कशाला बोलू. पाकिटं वेगवेगळी केली आहेत. माना, पाय, तंगड्या, पाठीचे तुकडे आणि कलेजी. रोज एक पाकीट फ्रीझरमधून काढून खाली ठेवायचं, बर्फ सुटलं की तसंच त्याच्या पुढ्यात. भाजायचं नाही, उकळायचं नाही. नंतर हात आणि ओटा साबणाने धुवायचा. आमच्या आप्पांनी या कुत्र्याला पिल्लू असल्यापासून अंगणातल्या कोंबडीवर असंच कच्चं वाढवलं, आणि तो कधी साधा शिंकला नाही.

दादाने पाठवलेला फोटो पाहिला. फोटोत मुकादमाच्या बरगड्या दिसतात. इथे असताना त्याच्या अंगावर बरगड्या आहेत हे मला माहीतसुद्धा नव्हतं. मी पाठवते ते सगळं त्याच्या पोटात जातं ना?

राग मानू नका. आप्पा गेल्यावर तो फाटकाशी पडून राहिला होता. मी वाडग्यात मान ठेवली, कलेजी ठेवली, त्याने तोंड फिरवलं. आणि दादा निघाला, थंडी म्हणून आप्पांचा कोट अंगात घालून, तर हा उठला आणि शेपूट हलवत त्याच्या मागे गाडीत जाऊन बसला. माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्याला जायचंच होतं तर मी कोण अडवणारी. पण गेलेल्याची चौकशी तरी करू द्या. त्याच दिवशी शेजारणीच्या बोक्याने ओट्यावरची एक मान पळवली, ते दुःख वेगळंच.

तुमची,
वन्सं


११ जानेवारी

वन्सं,

पत्र कोरडं मिळालं, त्यामुळे आज निमित्त नाही.

मुकादमाचं खाणं मी देत नाही. देऊ देतच नाहीत. तुमचे दादा स्वतः पाकीट काढतात, स्वतः देतात, स्वतः ओटा पुसतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाने आपली चहाची कपबशी कधी विसळली नव्हती, आणि आता ओटा इतका लख्ख असतो की मला माझंच स्वयंपाकघर परकं वाटतं. मी नऊला ऑफिसला निघते. पाणीपुरवठ्याच्या खिडकीवर दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून संध्याकाळी येते, तोवर मुकादमाचं अकराचं जेवण उरकलेलं असतं आणि दोघं बाल्कनीत बसलेले असतात. तेव्हा सगळं पोटात जातं की नाही हा प्रश्न तुमच्या भावाला विचारा.

बरगड्यांचं म्हणाल तर मलाही दिसतात. पण त्याचं पोट गेले काही दिवस ठीक नाही. कधी दोन दिवस कोरडं, कधी एकदम ढाळ. मी तुमच्यासारखी कोंबड्यांतली जाणकार नाही. पण एक विचारते, आणि हे विचारण्यात काही गैर नाही. तुम्ही ज्या कोंबड्या कापता त्या अंडी देत नाहीत म्हणूनच कापता ना? त्यांना दुसरं काही झालेलं नसतं ना?

रिकामा डबा धुऊन पाठवते आहे. त्याला वास येतो असं तुम्ही मागे लिहिलं होतंत. आमच्या स्वयंपाकघरालाही येतो.

वहिनी


१८ जानेवारी

वहिनी,

आजारी कोंबडी मी खड्डा करून पुरते आणि वर चुना टाकते. ती माझ्या मुकादमाला घालीन असं तुमच्या मनात तरी कसं आलं? नाक्यावरच्या खाटकाने विचारलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं.

आता मी विचारते. मुकादमाचं जेवण अकराला असतं आणि दादा ते देतो असं तुम्हीच लिहिलंत. आठवड्याच्या मधल्या वारी अकरा वाजता माझा भाऊ घरी काय करतो? त्याची नोकरी गेली आहे का? गेली असली तर तसं सांगा, मी काही गावभर करणार नाही.

दुसरं. मिनीबसवाला परवा माझ्याकडे पाणी प्यायला थांबला होता. तो म्हणाला, तुमचे दादा डबा घ्यायला कोपऱ्यावर आधीच येऊन उभे असतात. डबा हातात आला की घरी जायचा धीर धरत नाहीत, तिथेच रस्त्यावर झाकण उचलून आत बघतात. त्याचे शब्द जसेच्या तसे देते. म्हणाला, "ताई, कुत्र्याचं खाणं न्यायला आलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो." वर म्हणाला, वाळलेत, आणि चालतातही हळू.

मग माझ्या मनात जे आलं ते लिहून टाकते, पोटात ठेवलं तर मला बाधेल. ती पाकिटं तुम्ही दोघं तर खात नाही ना? खात असाल तर माझी हरकत नाही, मी वेगळी पाठवीन. दादाला तंगडी लहानपणापासून आवडते. आप्पांच्या ताटातलीसुद्धा उचलायचा आणि मग माझ्याकडे बोट दाखवायचा. पण मुक्या जनावराच्या तोंडचं काढून खाऊ नका. त्याला तक्रार करता येत नाही म्हणून मी करते आहे.

वन्सं


२५ जानेवारी

वन्सं,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा माझा विश्वास बसला नाही. आम्ही कुत्र्याचं खातो? आमच्या घरात गेले तीन महिने मांस शिजलेलं नाही. अंडंसुद्धा नाही. तुमच्या मिनीबसवाल्याला चेहरे वाचायची इतकी हौस असेल तर त्याने बस दुसऱ्याला चालवायला द्यावी.

तुमच्या दादांची नोकरी गेलेली नाही. ऑफिसची दुरुस्ती चालू आहे, म्हणून घरून काम करतात.

खरं सांगायचं ते हे, की मुकादम आजारी आहे. काल उलट्या झाल्या, कुंथून कुंथून थकला आणि शेवटी रक्त पडलं. मी ऑफिसातून थेट जनावरांच्या दवाखान्यात गेले, तुमचे दादा त्याला रिक्षाने घेऊन आले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय खातो. मी म्हटलं, घरच्या अंगणातली कच्ची कोंबडी, माझी नणंद पाठवते. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, हे ताबडतोब बंद. कच्च्या मांसातून काय काय जातं याची तुम्हाला कल्पना आहे का? त्या कोंबड्या कोणी तपासल्या आहेत? कळपात रोग असला तर नुसत्या कुत्र्यालाच नाही, तिथे राहणाऱ्या बाईंनाही धोका आहे. त्या बाई म्हणजे तुम्ही.

मला सगळ्यात विचित्र वाटलं ते तुमच्या दादांचं. बंद म्हटल्याबरोबर ते डॉक्टरीणबाईंशी भांडायला उठले. आमच्या वडिलांनी याच खाण्यावर वाढवला, डबा बंद करायचा नाही, तो उपाशी मरेल. आवाज एवढा चढला की मला त्यांना हात धरून खाली बसवावं लागलं. कुत्र्याच्या डब्यासाठी इतकं? तुम्ही त्यांना माझ्यामागे काही लिहिता का, असंही मनात आलं. येऊ नये, पण आलं.

कोंबड्या तपासून घ्या. हे मी दुखवायला लिहीत नाही.

वहिनी


१ फेब्रुवारी

वहिनी,

डब्यात आज हा कागदच आहे. शोधू नका.

इथल्या जनावरांच्या दवाखान्यातल्या साहेबांना बोलावून आणलं. त्यांनी विष्ठा नेली, दोन कोंबड्यांचं रक्त नेलं. उत्तर यायचं आहे. रोग निघाला तर सगळा कळप मारून पुरावा लागेल, असं ते फाटकातून जाताजाता सांगून गेले, अगदी उद्या पाणी येणार नाही असं सांगावं तसं. तोवर खुराडं बंद. अंगण सुनं पडलंय आणि आतून नुसता कालवा चालू असतो. यातल्या निम्म्या आप्पांच्या हातच्या आहेत.

रोग निघाला तर मी स्वतः मारीन आणि तुमची पाय धरून माफी मागीन. पण निघाला नाही तर?

आता नीट ऐका. मुकादमाला बरं वाटलं की मिनीबसने माझ्याकडे पाठवा. आप्पांचा कुत्रा मला परत हवा आहे. तिथे त्याचं काय होतं हे मला कळत नाही, आणि जे कळतं ते जुळत नाही. नकाशे काढणारा माणूस घरून काम करतो म्हणता. कुठल्या टेबलावर? तुमच्याकडे जेवायचं टेबलसुद्धा घडीचं आहे. आणि तीन महिने घरात मांस नाही ते का? ज्याला तंगडीशिवाय रविवार वाटत नाही तो माझा भाऊ तीन महिने पालेभाज्या खातो, वाळतो, हळू चालतो आणि कुत्र्याच्या डब्यात डोकावतो. तुम्ही त्याला उपाशी ठेवता का वहिनी? तुमचं दोघांचं बिनसलं आहे का?

दोघांपैकी एकाला तरी परत पाठवा.

वन्सं


८ फेब्रुवारी

वन्सं,

आधी ते सांगते, जे सांगणार नाही अशी शपथ घेतली होती.

ऑक्टोबरच्या शेवटी तुमच्या दादांना हृदयविकाराचा झटका आला. जिन्यात बसले आणि उठलेच नाहीत. दहा दिवस हॉस्पिटलात होते. शुद्धीवर आल्यावर त्यांचं पहिलं वाक्य होतं, "तिला कळवू नकोस. आप्पांनंतर ती एकटी आहे, धावत येईल आणि कोंबड्या वाऱ्यावर सोडील." मी कबूल केलं. चूक की बरोबर, मला माहीत नाही. ऑफिसची दुरुस्ती वगैरे काही नाही, ते रजेवर आहेत. डॉक्टरांनी मांस, लोणी, तळलेलं, सगळं बंद केलं आहे, आणि रोज सकाळ संध्याकाळ चालायला सांगितलं आहे. ते चालतात ते फक्त मुकादमामुळे. मी सांगितलं तर म्हणतात, उद्या. तो पट्टा तोंडात धरून समोर उभा राहतो, त्याला उद्या म्हणता येत नाही. म्हणून तुम्ही कुत्रा परत मागितलात तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली, आणि तुम्हाला कारणही सांगता येईना.

आता मुकादमाचं. शनिवारी त्याचं ऑपरेशन झालं. तो आहे. अशक्त आहे, अजून दवाखान्यातच आहे, पण आहे.

ऑपरेशननंतर डॉक्टरीणबाईंनी मला आत बोलावलं. तुमचे दादा बाहेर त्याच्या पिंजऱ्याजवळच्या बाकावर बसले होते, सकाळपासून तिथून हलले नव्हते. बाईंनी ट्रेमधले हाडाचे तुकडे दाखवले. पांढरे, हलके, सुईसारख्या टोकाचे. म्हणाल्या, "कच्चं घालावं असं माझं मत नाही, ते नाहीच. पण हे कच्च्याने झालेलं नाही. कच्चं हाड ओलं असतं, चावलं की चिरडतं. शिजलं की वाळतं आणि त्याचे असे काटे होतात. ही शिजवलेली हाडं आहेत. घरात कोण शिजवतं?"

मी छातीवर हात ठेवून सांगितलं, कोणी नाही. आणि रिक्षात बसल्यावर पहिला संशय कोणाचा घेतला असेल? तुमचा. म्हटलं, वन्संनीच दया येऊन उकडून पाठवलं असणार. मग झाडूपोछा करणाऱ्या बाईंचा घेतला. घरी आले, डोकं उठलं होतं म्हणून सूप करायला कुकर काढला, झाकण उघडलं आणि तिथेच थांबले. कुकर लख्ख होता. पण रबरी रिंगेला वास होता. तुमच्या डब्याचा नाही वन्सं, शिजलेल्या कोंबडीचा.

मग एकेक आठवायला लागलं. गॅस महिना व्हायच्या आत संपत होता, मी गॅसवाल्याशी भांडून आले होते. मिरपूड सारखी संपत होती. हृदयाचे डॉक्टर रिपोर्ट बघून कपाळाला आठ्या घालत होते, एवढं पथ्य करूनही चरबी उतरत कशी नाही म्हणून गोळ्या वाढवत होते. आणि तो चकचकीत ओटा. इतकंच काय, गेल्या वर्षी ते तुमच्याकडून मुकादमाला घेऊन आले, तेव्हा आप्पांच्या कोटाच्या खिशाला रक्ताचा डाग होता. विचारलं तर बोट कापलं म्हणाले. बोट मी पाहिलं, कुठे काही नव्हतं. हा माणूस माझ्याशी किती खोटं बोलतो ते मी मोजायलाच बसले.

ते दवाखान्यातून आले, तेव्हा मी फ्रीझरमधली उरलेली पाकिटं काढली आणि कचऱ्याच्या पिशवीत टाकायला लागले. झटका आल्यापासून खुर्चीतून इतक्या चपळाईने उठताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

"सगळी कशाला टाकतेस?"

"मुकादमाला बंद केलंय."

"हो, पण..." म्हणाले. मी कुकरची रिंग त्यांच्या हातात ठेवली.

त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली. मग म्हणाले, "नुसतं मीठ आणि मिरी. तेलाचा थेंब नाही." जसं काही मी तेलाचा हिशोब विचारत होते. हॉस्पिटलातून आल्यापासून सगळं अन्न कागदासारखं लागत होतं म्हणे. एक दिवस पाकिटाचं बर्फ सुटलं आणि घरच्या अंगणाचा वास आला. मग रोजचं झालं. मी गेले की कुकर. मांस यांना, हाडं त्याला.

मी म्हटलं, त्या हाडांनीच त्याचं आतडं फाटलं.

त्यांना माहीत नव्हतं वन्सं. देवाशपथ माहीत नव्हतं. ते खाली जमिनीवर बसले. म्हणाले, "मी त्याला हाडं देत होतो. मला वाटलं, त्याला हाडंच आवडतात. वाटणी झाली." मग रडले. माझ्या मनात इतका राग होता की मी जवळ गेले नाही, आणि इतकी भीती होती की लांबही जाववेना. तशीच दारात उभी राहिले.

तुम्ही लिहिलं होतंत, मुक्या जनावराच्या तोंडचं काढून खाऊ नका. मी त्यावर किती चिडले होते. माझा भरोसा एका माणसावर होता आणि तुमचा संशय दोघांवर, त्यात तुम्ही निम्म्या बरोबर निघालात.

कुत्र्याचं काय ते आता तुम्ही ठरवा. मी हात जोडून सांगू शकते, नेऊ नका. पण मागायचा हक्क माझ्याकडे कितपत उरला आहे, मला कळत नाही.

वहिनी


१० फेब्रुवारी

वहिनी,

बुधवारची वाट बघवेना. मिनीबसवाल्याला मुद्दाम थांबवून हे देते आहे.

माझा भाऊ मरता मरता वाचला आणि मी इकडे कोंबड्यांना दाणे टाकत होते. मला तुमचा राग आला आहे, आणि तो लवकर जाणार नाही. धावत आले असते तर आले असते. कोंबड्या वाऱ्यावर गेल्या असत्या तर गेल्या असत्या. दादाला सांगा, त्याच्यावर तुमच्यापेक्षा जास्त आहे. आणि त्याला हेही सांगा, की मी इतके दिवस कातडी न काढता जुन्या, चरबीच्या कोंबड्या निवडून पाठवत होते, मुकादमाच्या अंगाला लागावं म्हणून. त्या कोणाच्या अंगाला लागल्या ते आता कळलं. हे मनात आलं आणि मी खुराड्यापाशी एकटी हसत सुटले, आणि मग हसू राहिलंच नाही.

साहेबांचं उत्तर आलं. कळपात काही नाही. दार उघडलं तर एकही बाहेर येईना. कोंडल्याचा राग धरून सगळ्यांनी अंडी बंद केली आहेत. ठेवू देत, माझ्यासारख्याच आहेत.

एक विचारते. वेड्यासारखं वाटेल. आप्पांच्या कोटाला डाग होता म्हणालात, तो कोणत्या खिशाला? आतून होता की बाहेरून?

उत्तर याच बसने द्या. तो खाली थांबेल.

वन्सं


१० फेब्रुवारी, दुपार

वन्सं,

बस खाली उभी आहे, म्हणून घाईत लिहिते.

उजव्या खिशाला. आतून. अस्तर धुऊनही गेला नाही, मी आत्ता कपाट उघडून पाहिला. अजून थोडा वास आहे. का विचारता? तुमच्या दादांना मी तुमचा प्रश्न वाचून दाखवला, तर ते उठून बाल्कनीत गेले आणि पाठ करून उभे राहिले. आता तर मलाच शंका यायला लागली आहे. काय आहे ते मला आधी सांगा, त्यांना नंतर.

मुकादम काल घरी आला. डॉक्टरीणबाईंनी त्याला मऊ भात आणि उकडलेला भोपळा सांगितलाय. तुमच्या दादांनाही मी तेच वाढते, मीठ कमी करून. दोघं एका वेळेला जेवतात आणि दुसऱ्याला काहीतरी वेगळं मिळतंय अशा संशयाने एकमेकांच्या ताटाकडे बघत बसतात. काल संध्याकाळी दोघं खालच्या दिव्याच्या खांबापर्यंत चालून आले. कोण कोणाला चालवत होतं ते वरून कळत नव्हतं.

नेणार आहात का त्याला? तेवढं सांगा. मी पट्टा भरून ठेवायचा की नाही?

वहिनी


१२ फेब्रुवारी

वहिनी,

तुम्हाला आधी सांगते, तुम्ही म्हटल्याप्रमाणे.

आप्पा मुकादमाला वाडग्यात कधीच द्यायचे नाहीत. फिरायला निघताना कोटाच्या उजव्या खिशात एक मान टाकायचे आणि फाटकाबाहेर गेल्यावर हातातून द्यायचे. कोट कायम बरबटलेला, त्यावरून आई होती तोवर रोज खटका. मला हे माहीत होतं आणि मी विसरले. आप्पा गेल्यावर मी त्याच्यापुढे वाडगं ठेवत राहिले, आणि तो तोंड फिरवत राहिला. दादा विसरला नाही. निघायच्या दिवशी ओट्यावर चार माना होत्या, नंतर तीन उरल्या. मी शेजारणीच्या बोक्याला धरून बोलले, त्याच्या मालकिणीशी अबोला धरला, आणि बोका बिचारा वर्षभर माझ्या अंगणाला वळसा घालून जातो.

मुकादम दादाच्या मागे गेला नव्हता वहिनी. आप्पांच्या कोटामागे गेला, त्यांच्या खिशातल्या मानेमागे.

वर्षभर मला वाटत होतं, त्याने आम्हा दोघांना पाहिलं, तोललं आणि मला सोडलं. रोज संध्याकाळी फाटक लावताना वाटायचं. मी कोणाला बोलले नाही, कुत्र्याने नाकारलं हे कोणत्या तोंडाने सांगायचं. तुमच्यावर इतका संशय घेतला, बरगड्या मोजल्या, डबा मोजला, त्याच्या मुळाशी हेच होतं. तिथे तो सुखी नाही असं कळलं असतं तर मला बरं वाटलं असतं. आता तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा.

दादावर मी चिडायला हवं. चिडले आहेच. पण मुकादम उठला नसता तर फाटकाशीच मेला असता, हेही मला दिसतं. खायला उठवलं ते दादाने. चोरून, पण उठवलं. त्याला दुसरी रीत येतच नाही.

मी बुधवारी येते आहे. खुराड्याकडे बघायला शेजारीण तयार झाली, बोक्याची माफी मागितल्यावर. पट्टा भरून ठेवू नका. तो दादाला चालवतो आहे तोवर तो तुमच्याचकडे राहील, त्याला ते काम आप्पांनी लावलंय असं समजा. येताना छातीचं मांस आणते, कातडी काढून. डॉक्टरांना विचारा, हो म्हणाले तर दादाला आठवड्यातून एकदा, तुमच्यासमोर, ताटात वाढून. हाडं मी इथेच ठेवते.

फक्त एक माझं ऐका. मी आले की जिन्याखाली थांबेन. तुम्ही दादाला एका बाजूला उभं करा, मी दुसऱ्या बाजूला उभी राहते, आणि मुकादमाला मध्ये सोडा. कोणीही हाक मारायची नाही. तो कोणाकडे गेला तरी मी काही बोलणार नाही, मला एकदा बघायचं आहे एवढंच.

माझे हात मी तुमच्या नळाखाली साबणाने धुईन, तुम्ही वास घेऊन बघा. आणि त्याआधी दादाचे खिसे तपासून ठेवा.

तुमचीच,
वन्सं